फुंकायची टेस्ट

बाबांच्या नाकाला चिमटा लावला आणि मी खुर्चीवरून ताडकन उठले.

"अहो, हे काय करताय?"

"चिमटा लावतेय," टेस्ट घेणाऱ्या बाई म्हणाल्या. "हवा नाकातून निसटली की रीडिंग चुकतं. या टेस्टला सगळ्यांचंच नाक बंद ठेवतात, मॅडम."

सगळ्यांचंच. मी परत बसले, उभं राहून तरी काय करणार होते! अडीच महिने आम्ही त्या एका नाकापायी धावत होतो. ऑपरेशन करून त्याचा वाकडा पडदा सरळ करून आणला होता, आणि तो याच टेस्टसाठी. फुफ्फुसांत हवा किती मावते आणि ती किती जोरानं बाहेर पडते, हे मोजायची ही टेस्ट. तोंडात नळी धरायची आणि फुंकायचं. या टेस्टला नाक लागतच नव्हतं. हे मला आधी कुणी सांगितलं कसं नाही, म्हणून मी मनातल्या मनात अख्ख्या दवाखान्याला शिव्या घालत होते. सांगितलं होतं की नव्हतं, ते पुढे येईलच.

बाबा विणकर. मूळचे उमरेडचे, तरुणपणीच नागपुरात टिमकीला आले आणि दुसऱ्याच्या कारखान्यात हातमागावर बसले. करवती काठाची साडी विणण्यात त्यांचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं, असं त्यांच्याबरोबरीचे लोक अजून सांगतात. करवतीला असतात तसे दाते काठाच्या कडेनं दिसले पाहिजेत, एकही मागेपुढे होता कामा नये. ते एकोणीस वर्षांचे असताना शेजारच्या मागावरचा धोटा सुटला. धोटा म्हणजे आडवं सूत पोटात घेऊन उभ्या सुतातून इकडून तिकडे पळणारं लाकूड, हातभर नसेल, पण दोन्ही टोकांना लोखंड असतं. तो सरळ बाबांच्या नाकावर बसला. मालकाच्या बायकोनं हळद दाबली, दुपारी बाबा पुन्हा मागावर. नाक जुळलं, पण वाकडं जुळलं. उजवी नाकपुडी पूर्ण बंद, डावी अर्धी.

तेव्हापासून ते तोंडानंच श्वास घेत. मला दुसरे बाबा ठाऊकच नाहीत. जेवताना घास चावायचा, मग थांबून तोंड उघडून हवा घ्यायची, मग पुन्हा चावायचा. आई म्हणायची, "मचमच नका करू जी." दुपारी आडवे झाले की तोंड उघडं, उशाशी पाण्याचा तांब्या, दर अर्ध्या तासाला एक घोट. लांब वाक्य बोलायचं असेल तर मध्ये दोनदा थांबत. जिना चढले की वरच्या पायरीवर बसून घेत. गल्लीतली पोरं त्यांच्या गेंगाण्या आवाजाची नक्कल करायची, आणि खरं सांगायचं तर ती मलाही चांगली जमायची.

मग माग बंद पडले. बाबांनी पंचवीस वर्षं एका अपार्टमेंटच्या गेटवर चौकीदारी केली. मी लग्न केलं नाही. एका शाळेच्या ऑफिसात लिपिक आहे, नागपुरातच नंदनवन भागात माझं दोन खोल्यांचं घर आहे, आईबाबा माझ्याकडेच असतात. गेल्या वर्षी बाबांची नोकरी सुटली आणि ते घरात बसून भिंतीवरचं घड्याळ पाहू लागले. माणूस चोवीस तास घरात दिसायला लागला की आईचं डोकं सटकतं. दोघांचं दिवसातून तीनदा वाजायचं आणि निवाड्याला मी.

अशात जुलैमध्ये फोन आला. उमरेड रोडवरची एक संस्था मुलींना हातमाग शिकवणार होती, सहा महिन्यांचा वर्ग, दसऱ्यापासून सुरू. करवती काठ स्वतःच्या हातानं विणलेला माणूस त्यांना हवा होता, आणि कुणीतरी बाबांचं नाव सांगितलं होतं. फोन ठेवल्यावर बाबा उठले. न्हाव्याकडे जाऊन दाढी करून आले. ट्रंकेतून जुना धोटा काढला, खोबरेल तेलाच्या बोटानं पुसला आणि दिवसभर हातात घेऊन बसले. चौकीदाराला लोक गेट उघडायला सांगतात, गाडी कुणी लावली विचारतात. काठाचे दाते सरळ कसे येतात, हे पंचवीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी पण नाही.

"मी शिकवीन त्याइले," ते संध्याकाळी म्हणाले. "पोरीइचा हात हलका असते. पटकन शिकतीन."

अट एकच होती. तिथे सुताचा धुरळा उडतो, माणूस साठीच्या पुढचा, तेव्हा फिटनेस सर्टिफिकेट पाहिजे, आणि त्यासाठी फुफ्फुसांची टेस्ट. आजकाल सगळीकडे कागद लागतो, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. कागदपत्रं हेच माझं काम. माझ्या टेबलावर अर्ज आला की पहिली ओळ पाहून उरलेलं मला वाचावं लागत नाही. याचा मला अभिमान होता, हे इथेच कबूल करून टाकते.

पहिली टेस्ट झाली तेव्हा मला आत येऊ दिलं नाही. नातेवाइकांनी बाहेर थांबावे, अशी पाटी होती. आतून टेस्ट घेणाऱ्या दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज येत होता, "जोर से, अंकल! और जोर से!" बाबा बाहेर आले ते घामानं निथळत. कपाळाच्या शिरा फुगल्या होत्या. म्हणाले, "जमलं नाही वाटते." रिपोर्टवर आकडे होते आणि आकड्यांसमोर अपेक्षित आकडे होते, आणि आपले आकडे त्यांच्या निम्म्यालाही पोचत नव्हते. एवढं पाहिलं आणि मी कागद पर्समध्ये कोंबला. लहानपणापासून ऐकत आले होते की मागावरच्या माणसाच्या छातीत कापूस बसतो. बाबांचे दोन सोबती खोकून खोकून गेले होते.

मी तो रिपोर्ट घेऊन एका फिजिशियनकडे गेले. बाहेर ही गर्दी. त्यांनी रिपोर्ट उघडायच्या आधी बाबांचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "काका, नाकाला काय झालंय? श्वास तोंडानं घेताय तुम्ही. आधी हे कान-नाक-घसावाल्यांना दाखवा, मग बाकीचं पाहू." त्या क्षणी मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू! म्हणजे कापूस नाही, नाक आहे. नाकाचं काय, नाक दुरुस्त होतं. हवा जिथून आत जायची तिथेच बूच बसलंय, तर फुफ्फुसं बिचारी काय करतील? रिक्षात बसेपर्यंत माझं सगळं ठरलं होतं.

नाकाचे डॉक्टर चांगले होते. त्यांनी कागदावर नाक काढून दाखवलं, मधला पडदा कसा एका बाजूला झुकलाय ते दाखवलं. म्हणाले, "नाक हवा गाळतं, गरम करतं, ओली करतं. यांची हवा वर्षानुवर्षं तोंडातून कच्चीच आत जातेय. पडदा सरळ केला की श्वास सोपा होईल, झोप चांगली लागेल, तोंड कोरडं पडणार नाही, चालताना दम कमी लागेल. फुफ्फुसांचं मात्र—"

"म्हणजे फुफ्फुसांवरचा ताण कमी होईल," मी म्हटलं.

"ताण थोडा कमी होऊ शकतो, पण—"

"झालं तर मग. तारीख कधीची देता?"

अर्धं वाक्य त्यांचं आणि अर्धं माझं, असा तो सल्ला होता. मी घरी येऊन आईला सांगितलं की डॉक्टर म्हणाले, नाक सरळ केलं की फुफ्फुसं आपोआप सुधारतात. संस्थेच्या मॅडमना फोन करून सांगितलं, दसऱ्यापर्यंत सर्टिफिकेट आणून देते, काळजी करू नका.

ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. एका सकाळचं काम. बाबांना दुसऱ्या दिवशी घरी आणलं तर नाकात दोन्हीकडे बोळे, डोळ्यांखाली काळं, आणि दारात भेटायला आलेली मंडळी. आमच्याकडे आजाऱ्याला पाहायला येतात ते त्याला धीर द्यायला, असा एक गैरसमज आहे. पहिली बाई टेकली आणि म्हणाली, "हाड परत वाढते म्हणतात." दुसरी म्हणाली, तिच्या दिराचं दोनदा वाढलं. तिसरे काका चहा संपवून म्हणाले, "नाकाले हात लावाच नाही माणसानं." मी सांगून थकले की हाड वाढलेलं नव्हतं, पडदा वाकडा होता, तो सरळ केला. "तेच तं," ते म्हणाले, "वाढते मंग." मी कपबशा उचलून आत गेले आणि मोरीत आपटल्या. एक फुटली.

दोन दिवसांनी बोळे काढले. बाबा दवाखान्याच्या बाकावर बसले होते. डॉक्टर म्हणाले, तोंड मिटा आणि हळू नाकानं घ्या. त्यांनी घेतला आणि एकदम घाबरून माझा हात धरला.

"काय झालं बाबा? दुखते?"

"थंड लागून राहिलं वं," ते म्हणाले. "आतपर्यंत थंड."

हवा होती ती. नुसती हवा. ते पुन्हा पुन्हा घेत होते, आणि ओठ मिटलेले होते. बाबांचा मिटल्या तोंडाचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. जरा रागीट दिसतात ते तसे.

डॉक्टरांनी बजावलं होतं: नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची, तिखट बंद, धूर बंद. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलं. आठव्या दिवशी मी शाळेतून आले तर गल्लीच्या तोंडाशीच मला ठसका लागला. आई दरवर्षी भिवापूरहून मिरची आणते. ती कढईत भाजत होती. सावजी रश्श्याचा मसाला. खिडकी बंद, कारण शेजारची ओरडते.

"आई! काय करून राहिली तू?"

"आठ दिवस झाले, त्याइच्या पोटात खिचडीशिवाय काही नाही," आई म्हणाली. "माणसाच्या अंगात ताकद कुठून येईन? वास येऊन राहिला म्हणे त्याइले आता. म्हटलं, बरा वास तं येऊ दे."

आतून बाबांच्या शिंका ऐकू आल्या. एक, दोन, पाच, सात. तोंड उघडून द्यायची हे त्यांना आठवलं नाही, सभ्य माणसासारखा त्यांनी रुमाल दाबून धरला. रुमाल लाल झाला, मग टॉवेल. आम्ही रिक्षा करून दवाखान्यात पळालो. बाबा टॉवेलमधून मला सांगत होते की आईला बोलू नको, आणि आई घरी कढईपाशी बसून रडत होती, आणि मिरची जळून काळी झाली होती. मला कुणावर ओरडावं कळेना, म्हणून मी रिक्षावाल्यावर ओरडले.

रक्त थांबलं, पण आत जखम चिघळली. औषधं वाढली. डॉक्टर म्हणाले, आता एक-दीड महिना जोर करायचा नाही. फुंकायची टेस्ट तर नाहीच. मी कॅलेंडर पाहिलं. दसरा त्याच्या आत येत होता. संस्थेच्या मॅडमचे दोन फोन आले. मी दोन्ही वेळा म्हटलं, होऊन जाईल, आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे. आठ-दहा दिवसांचा नव्हता, हे मला माहीत होतं. पण काम होणार आहे म्हणत राहिलं की होतं, अशी आमच्या ऑफिसची रीत आहे.

दसरा गेला. बाबा रोज मिठाच्या पाण्याचा फवारा मारत, रोज धोटा पुसत, आणि मला विचारत, "झाली का वं तारीख?" दिवाळीच्या आधी एकदाची टेस्टची तारीख मिळाली. या वेळी मी पाटीकडे पाहिलं नाही, सरळ आत घुसले. आणि तिथे तो चिमटा.

टेस्टवाल्या बाई शांत होत्या. "काका, छातीभर श्वास घ्या, नळी तोंडात धरा, आणि एका दमात जोरात. चला."

बाबांनी श्वास घेतला, नळी ओठांत धरली आणि जोर लावला. मशीननं विचित्र आवाज केला. बाई म्हणाल्या, "नाही नाही, फुंका. बाहेर." बाबांनी मान डोलावली, पुन्हा नळी धरली, पुन्हा जोर लावला. गाल आत गेले. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"काका, तुम्ही ओढताय!"

"फुंकूनच राहिलो ना जी मी," बाबा कळवळून म्हणाले.

तिसऱ्या वेळी मी त्यांच्या समोर उभी होते, आणि तो चेहरा मी ओळखला. लहानपणी मी कारखान्यात त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा दिवसभर हाच चेहरा दिसायचा. धोट्यात सूत गुंडाळलेली नवी कांडी भरली की तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर आणावं लागतं. तार घालून काढत बसायला वेळ कुणाला? धोटा ओठांना लावायचा, एका झटक्यात हवा आत ओढायची, सूत भोकातून जिभेवर येतं, की चालला माग. दिवसातून शंभरदा. तीस वर्षं. त्या ओठांना कुणी काही लावलं की ते ओढणार, त्यांना दुसरं काही माहीतच नाही. बाबांना खरंच वाटत होतं की आपण फुंकतोय.

"बाबा," मी म्हटलं, "हा धोटा नाही होय. आईची चुलीची फुंकणी समजा. चूल विझून राहिली, पेटवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि असे फुंकले की बाई मागे सरकल्या. मशीनच्या पडद्यावरची रेष वर चढली आणि वळण घेऊन खाली आली. दुसऱ्या वेळी तशीच. तिसऱ्या वेळी तशीच.

"छान आहेत की काकांची फुफ्फुसं," बाई म्हणाल्या. "वयाच्या मानानं चांगली." मग त्यांनी फाइलमधला जुना रिपोर्ट काढला, आकडे पाहिले, आणि त्यांचं बोट कागदाच्या तळाशी गेलं. "हा तर बादच आहे. इथे लिहिलंय ना, पेशंटला नीट फुंकता आलं नाही, रीडिंग धरू नये, टेस्ट पुन्हा करावी. मग तुम्ही दुसऱ्या दिवशी परत का नाही आलात?"

तळाशी बारीक इंग्रजीत एक ओळ होती. जुलैपासून ती माझ्या पर्समध्ये होती. मी तो कागद फिजिशियनना दिला होता, नाकाच्या डॉक्टरांना दिला होता, झेरॉक्स काढून संस्थेत दिली होती, पण वाचला नव्हता. आकडे पाहिले आणि बाकी मला कळलं. रोज दोनशे कागद वाचणारी बाई मी! दुसऱ्याच दिवशी येऊन पाच मिनिटं फुंकलं असतं तर जुलैतच सर्टिफिकेट हातात होतं.

फिजिशियननी सर्टिफिकेटवर सही करताना मी विचारलं, "मग ते ऑपरेशन फुकटच?" खरं तर मी विचारलं नाही, ओरडले. त्यांनी पेन खाली ठेवला. "फुकट कसं? नाकाला गरज होतीच. यांना दम लागत होता तो नाकामुळे, फुफ्फुसांमुळे नाही. आता लागतो का दम, काका?" बाबा म्हणाले, "नाही लागत." "मग झालं तर. फक्त या टेस्टच्या आकड्यांशी त्याचा फारसा संबंध नव्हता. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं का कुणी?"

सांगितलं होतं हो. अर्ध्या वाक्यात सांगितलं होतं.

आईला फोन केला तर ती म्हणाली, "पाहा! मी म्हणतच होती, नाक नीट केलं की फेफडं सुधरते." आणि मी फोन ठेवायच्या आत ती खिडकीतून शेजारणीला हाक मारून तेच सांगायला लागली. माझंच वाक्य होतं ते.

आम्ही दवाखान्यातून घरी न जाता थेट उमरेड रोडला गेलो. बाबांनी सर्टिफिकेट शर्टाच्या खिशात ठेवलं नाही, घडी पडेल म्हणून हातात धरलं. संस्थेच्या आवारात शिरलो तेव्हाच मागांचा आवाज ऐकू आला. वर्ग दसऱ्यालाच सुरू झाला होता. उमरेडचा एक चाळिशीचा विणकर शिकवायला ठेवला होता. मॅडम सभ्य होत्या, त्यांनी पाणी दिलं, बसायला खुर्च्या दिल्या. "ताई, तुम्ही दसऱ्यापर्यंत म्हणाला होतात. मी दोनदा फोन केला. तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं की महिना लागेल, तर आम्ही वर्ग पुढे ढकलला असता. मुलींना काय, कधीही यायला चाललं असतं."

"आता आहे ना सर्टिफिकेट," मी म्हटलं. "हे घ्या. सगळं नॉर्मल आहे. यांच्याइतका काठ कुणाला येत नाही, विचारा कुणालाही. दोघांना ठेवा. तीन दिवस त्यांना, तीन दिवस यांना." मॅडमनी सर्टिफिकेट वाचून बाबांच्या हातात परत दिलं. पुढची बॅच झाली तर नक्की कळवू, म्हणाल्या. मी तो 'झाली तर' पकडला आणि भांडायला लागले. पुढची बॅच होणार की नाही, कधी होणार, लिहून द्या. माझा आवाज इतका चढला की एक-दोन माग थांबले.

बाबा तोवर दारात उभे राहून आतल्या मुलींचे हात पाहत होते. ते वळले. "चाल वं," एवढंच म्हणाले, आणि मॅडमना नमस्कार करून चालू लागले.

रस्त्यावर ऊन रणरणत होतं. ऑटो नव्हता. मी धुमसत उभी होते, बाबा सर्टिफिकेट हातात घेऊन माझ्या शेजारी.

"तू काहून एवढी तापून राहिली?" त्यांनी विचारलं.

"माझ्यामुळं गेलं बाबा तुमचं काम. तो कागद मी वाचला असता तं एका दिवसात झालं असतं. ऑपरेशनची गरजच नव्हती."

ट्रक जात होते, धूळ उडत होती.

"काम तं गेलं," ते म्हणाले. "पण एक सांग मले. हे नाक एका सकाळी होत होतं. डाक्टरनं चहा प्यावा एवढ्या वेळात. मंग आधी काहून नाही केलं? मी अडाणी माणूस, मले वाटे हे असंच राहते. तुले नोकरी लागून बावीस वर्षं झाले. तुले तं समजत होतं."

"तुम्ही कधी बोललेच नाही बाबा, की तरास होते म्हणून."

"बोलासाठी श्वास लागते," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, काही न लपवता, किती वाजले विचारावं तसं विचारलं, "पण तुले दिसत नव्हतं?"

दिसत होतं. रोज दिसत होतं, ताटासमोर, जिन्यावर, अंथरुणात. कुणी त्याचा कागद मागत नव्हतं, म्हणून मी कधी दवाखान्याची पायरी चढले नव्हते. आणि संस्थेनं सर्टिफिकेट मागितलं नसतं तर आजही चढले नसते, हे त्यांनाही कळलं होतं.

दुरून एक ऑटो आला. मी हात दाखवला. तो थांबला, मी आत बसून सरकून जागा केली, पण बाबा बसले नाहीत. ते रस्त्याच्या कडेला उन्हात माझ्या उत्तराची वाट पाहत उभे होते.